एक जुलैसाठी मत

शेजारच्या दोघी म्हाताऱ्यांचं भांडण झालं तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ऑक्टोबर संपत आला होता, आणि हॉलंडमध्ये त्या हवेत बाहेर कपडे वाळत घालणारी आमच्या इमारतीत मी एकटीच. त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"तुम्ही तर आपल्या पायांनी बोटीवर चढलात," तांते म्हणाली. "आमच्या लोकांना साखळदंड घालून चढवलं होतं. दोन्ही सारखं कसं होईल?"

 नानी इतक्या हळू आवाजात बोलली की मला चिमटा हातात धरून कान द्यावा लागला.

"माझी आजी सहा महिन्यांची होती. तिचे पाय जमिनीला लागत तरी होते का, ते सांग मला."

आणि दार बंद झालं. आपटलं नाही, नुसतं बंद झालं. मला ते जास्त वाईट वाटलं.

आमच्या मजल्यावर समोरून एक लांब गॅलरी जाते आणि सगळ्यांची दारं तिच्यात उघडतात. कोपऱ्यात माझं घर, शेजारी नानीचं, त्यापलीकडे तांतेचं. मी डेल्फ्टला शिकायला आले, शिकून झाल्यावर नोकरी लागली, आणि ट्रेनने जवळ पडतं म्हणून या गावात घर घेतलं. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या म्हातारीने मला दारात अडवून विचारलं, "खइले?" जेवलीस का, असं ती विचारत होती. तिची भाषा सरनामी. भोजपुरी-अवधीतून निघालेली आणि सुरिनाममध्ये, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीत, वाढलेली. मी तुटक्या हिंदीत उत्तर दिलं. माझं पुणं आणि तिच्या पूर्वजांचं गोरखपूर यांच्यात किती अंतर आहे याच्याशी तिला काही कर्तव्य नव्हतं. मी 'मुलकातली' होते, एवढं तिला पुरे होतं. तिला सगळे नानी म्हणत, मीही म्हणू लागले.

तांतेही सुरिनामचीच, पण तिचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेले. 'तांते' म्हणजे डच भाषेत मावशी. तो देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला या दोघी नवऱ्यांबरोबर इकडे आल्या आणि एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत एकमेकींना भेटल्या. तिथे एकाच इस्त्रीच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून त्यांनी चादरींच्या घड्या घालत आयुष्य काढलं. नवरे गेले, मुलं लांब गेली. नंतर नानीने खटपट करून तांतेला आपल्या शेजारी घर मिळवून दिलं. रोज सकाळी अकराला दोघी एकमेकींकडे कॉफी घ्यायच्या, एक दिवस हिच्याकडे, एक दिवस तिच्याकडे. करोनाच्या सगळ्या नियमांत हा नियम काही मोडला नव्हता. एका वेळी घरात एकच पाहुणा चालेल असं सरकारने सांगितलं तेव्हा तांते म्हणाली होती, "दुसरा हवाय कुणाला?"

माझ्यावर या दोघींचे उपकार होते. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडावर माझे बाबा पुण्यात हॉस्पिटलमध्ये होते. बेडसाठी, ऑक्सिजनसाठी भाऊ तिथे धावत होता आणि मी इथे फोन हातात धरून बसले होते. विमानं बंद होती. त्या दिवसांत नानी सकाळी खुर्ची घेऊन माझ्या दारासमोर, दीड मीटर सोडून, गॅलरीत बसायची.  तांते येऊन डबा दाराशी ठेवून जायची. बाबा घरी आले त्या दिवशी मी दार उघडून दोघींना सांगितलं, तर दोघी माझ्यापेक्षा जास्त रडल्या. त्यामुळे या दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या हे मला घरातलंच भांडण वाटलं.

भांडणाचं कारण होतं एक मतदान.

एक जुलै हा सुरिनाममधली गुलामगिरी संपल्याचा दिवस. 'केती कोती' म्हणतात त्याला, साखळ्या तुटल्या. तो दिवस या देशातही सार्वजनिक सुट्टीचा असावा, अशी मागणी बरीच वर्षं चालू होती आणि त्या काळात तिने फार जोर धरला होता. सुट्टी द्यायची की नाही ते हेगमधलं सरकार ठरवणार. पण आमच्या खेमेंतेने, म्हणजे नगरपालिकेने, ठरवलं की गावाने सरकारकडे तशी मागणी करावी का, हे गावकऱ्यांनाच विचारू. मार्चमध्ये नगरपालिकेची निवडणूक होती. त्याच वेळी आणखी एक छोटा कागद मिळणार होता, त्यावर फक्त हो किंवा नाही. पाच वर्षं इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही मत होतं. म्हणजे मलाही.

हे जाहीर झालं त्याच दिवशी तांतेने खिडकीत 'हो' लिहिलेला मोठा कागद लावला. नानीच्या खिडकीत काहीच लागलं नाही. तांतेने कॉफी पिताना सहज विचारलं, "तुझा कागद कुठाय?" नानी म्हणाली, "आमच्या दिवसाचं कुणी विचारलं का?" नानीचा दिवस पाच जून. हिंदुस्थानातून मजुरांची पहिली बोट सुरिनामला लागली तो दिवस. तिथून बोलणं वाढत गेलं आणि मी ऐकलं त्या वाक्यापाशी येऊन तुटलं.

मला वाटलं, दोन दिवसांत मिटेल. नोव्हेंबर गेला. मग डिसेंबरात पुन्हा लॉकडाऊन लागला, दुकानं बंद, अंधार चार वाजताच. अकरा वाजता दोन घरांत दोन वेगवेगळ्या कॉफ्या होऊ लागल्या. मी घरूनच काम करायचे, धरणांच्या आणि कालव्यांच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासायचं काम. माझं टेबल गॅलरीच्या खिडकीशीच होतं. नानी कचरा टाकायला निघाली की आधी दार किलकिलं करून पलीकडे बघायची. तांतेही तेच करायची. एकदा दोघींनी एकाच वेळी डोकं बाहेर काढलं आणि एकाच वेळी आत घेतलं. मी मीटिंगमध्ये होते, मला हसू आवरेना.

पण हसण्यासारखं नव्हतं ते. नानी माझ्याकडे रोटी आणि बटाट्याची भाजी घेऊन यायची आणि डबा नेहमी जरा जास्तच भरलेला असायचा. "उरलं तर दे कुणालाही," ती म्हणायची. कुणालाही म्हणजे कुणाला ते मला कळत होतं. मी अर्धा डबा पुढच्या दारी न्यायचे. तांते झाकण उघडून वास घ्यायची आणि म्हणायची, "जिरं जाळलंय बाईनं. मन थाऱ्यावर नाही तिचं." मग हळूच, "शुगरच्या गोळ्या घेते का वेळेवर?" परत येताना माझ्या हातात तांतेचा पोम असायचा, कोंबडी आणि कंद घालून ओव्हनमध्ये भाजलेला. नानी कोंबडी खायची, पण त्या दिवसांत तोंड फिरवून म्हणायची, "ठेव तिथं." दुसऱ्या दिवशी भांडं घासूनपुसून माझ्या दाराशी असायचं.

दोघीही मला आपल्या बाजूला ओढायला बघत होत्या. ते स्वाभाविकच होतं, गॅलरीवर तिसरं मत माझंच होतं.

तांते म्हणाली, "हे बघ, माझ्या आजीच्या आईला तिच्या मालकाचं आडनाव होतं. ते आजही माझ्या दारावरच्या पाटीवर आहे. मी ते खरवडून काढू शकत नाही. पण वर्षातून एक दिवस या देशानं थांबावं, दुकानं बंद ठेवावी, लहान पोरांनी आईला विचारावं की आज शाळा का नाही. एवढंच. आणि ही बाई मला म्हणते, आमचं काय!"

मी म्हटलं, "तू तिला जे म्हणालीस, ते लागलं तिला."

तांतेने खिडकीबाहेर बघितलं. "लागलं असणार," ती म्हणाली. "पण ते मी आता परत कसं घेऊ? दार उघडत नाही ती."

नानीने मला बोटीची गोष्ट सांगितली. तिच्या पणजीला, म्हणजे त्या सहा महिन्यांच्या आजीच्या आईला, भरती करणाऱ्या माणसाने सांगितलं होतं की, श्रीरामाच्या देशात चला, तिथे काम हलकं आणि पाच वर्षांनी घरी परत. श्रीराम देश म्हणजे सुरिनाम, हे तिला कलकत्त्याहून बोट सुटल्यावर कळलं. उसाच्या मळ्यावर पोचल्यावर राहायला जागा मिळाली ती गुलामांच्याच जुन्या चाळींत. "ते मोकळे झाले, मळे ओस पडले, म्हणून आम्हाला नेलं," नानी म्हणाली. "त्यांच्या सुटकेच्या दिवशी आमची भरती सुरू झाली असं समज. मी त्या दिवसाला वाईट नाही म्हणत, बेटी. त्या दिवसाच्या सोहळ्याला दर वर्षी तिच्याबरोबर ॲमस्टरडॅमला जाते मी. पण माझी मैत्रीणच जर म्हणाली की तुम्ही मजेत आलात, तर मग बाकीच्या गावाला मी काय समजावू?"

"मग 'नाही' म्हणून मत देणार?"

"तेही देववत नाही," ती म्हणाली. "म्हणून घरी बसणार."

मला दोघींचं पटत होतं, आणि दोघींचं पटत असताना मध्ये उभं राहणं फार अवघड असतं. मी वर्तमानपत्रं वाचली, ऑफिसातल्या डच सहकाऱ्यांना विचारलं. एकाने विचारलं, "तुला काय फरक पडतो, तुला सुट्टी मिळेल ना?" 

फेब्रुवारीत एका सकाळी नानीने माझी बेल वाजवली. सलग, बोट न काढता. मी धावत दार उघडलं तर ती घरातल्या चपलांतच उभी होती, डोक्यावरची ओढणी घसरलेली.

"तिचे पडदे बंद आहेत," ती म्हणाली. "तिचे पडदे कधी बंद नसतात."

तांतेच्या घराची किल्ली नानीकडे होती. भांडणात ती परत मागायचं तांतेला सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही तिने मागितली नव्हती. नानीने ती माझ्या हातात कोंबली, कुलूप मीच उघडलं. मी म्हटलं, "नानी, तू बाहेर थांब, मास्क तरी लाव." ती माझ्या काखेखालून आत शिरली.

तांते न्हाणीघराच्या दारात जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. अंग तापलं होतं, ओठ कोरडे, श्वास लहान लहान. पडली नव्हती, उठता येत नव्हतं फक्त. नानी तिच्या शेजारी सरळ फरशीवर बसली, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि सरनामीत काहीतरी पुटपुटू लागली. मी फोन करत होते. पत्ता सांगताना माझं डच इतकं गडबडलं की पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "इंग्रजीत सांगा, चालेल."

अ‍ॅम्ब्युलन्सवाले आले, पांढऱ्या पोशाखातले. त्यांनी तांतेला ऑक्सिजन लावला, खुर्चीत बसवलं. लिफ्टपर्यंत नानी तिचा हात धरून चालली. तिथे त्यांनी हात सोडवला. तांते मास्कमधून म्हणाली, "तू माझ्याशी बोलत नव्हतीस."

"आताही नाही बोलत," नानी म्हणाली.

नंतरचे दिवस मला पुण्यातल्या त्या दिवसांसारखेच गेले, फक्त या वेळी हॉस्पिटल ट्रेनच्या अंतरावर होतं. करोनाच होता. आम्ही दोघी घरात कोंडून. तांतेची मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाला, एनस्खेडेला राहायची. ती रोज हॉस्पिटलमध्ये तांतेला भेटून आम्हाला फोन करायची. मी आणि नानी रोज घरीच नाकात काडी घालून टेस्ट करायचो. दोघींच्याही टेस्टवर एकच रेघ येत राहिली. दुसरी रेघ उमटत नाही ना, हे बघायला नानी चष्मा लावून ती पट्टी खिडकीशी नेऊन उजेडात धरायची.

आणि तांते सुधारली. हळूहळू, पण सुधारली. ऑक्सिजन आधी कमी केला, मग काढला. तिच्या मुलीने फोनवर ते सांगितलं तेव्हा नानी माझ्या स्वयंपाकघरात उभी होती. तिने गॅस बंद केला आणि मला म्हणाली, "आता भूक लागली." मी पोळ्या लाटल्या. तिने तीन खाल्ल्या, माझ्या पोळ्यांना नावं ठेवत.

तांते घरी आली तोवर देशातले बहुतेक निर्बंध उठले होते. बारीक झाली होती, रोलेटर, म्हणजे चाकांचा वॉकर, ढकलत चालायची. पहिल्या दिवशी अकरा वाजता नानी कॉफीचा थर्मास घेऊन तिच्या दारी गेली. मी खिडकीतून बघत होते, लपवून ठेवण्यात अर्थ नाही. दार उघडलं.  मग तांते म्हणाली, "मी जे म्हणाले ते चुकीचं होतं. तुझी आजी चढली नव्हती. तिला नेलं होतं."

"सहा महिन्यांची होती," नानी म्हणाली.

"सहा महिन्यांची. माहीत आहे मला. किती वेळा सांगशील?"

आणि दोघी आत गेल्या. मी कामाला बसले तर समोरची अक्षरं दिसेनात. त्या दिवशी माझ्या हातून सॉफ्टवेअरची एकही टेस्ट धड झाली नाही.

मार्चच्या मध्यावर मतदान झालं. गर्दी होऊ नये म्हणून तीन दिवस केंद्रं उघडी होती. आम्ही मधल्या दिवशी गेलो, शाळेच्या व्यायामशाळेत. ऊन पडलं होतं. तांते रोलेटर घेऊन पुढे, तिच्या बाजूने नानी, मागून मी. नानी घरी बसणार होती, पण त्या दिवशी ती सगळ्यात आधी तयार झाली होती आणि गुलाबी ओढणी घेतली होती.  आत काचेपलीकडे बसलेल्या बाईने आमचे मतदानाचे पास तपासले आणि मोठा कागद, छोटा कागद आणि लाल पेन्सिल दिली. इथे लाल पेन्सिलीनेच मत देतात. या देशात मी शिकले, कर भरला, आजारी पडले, पण हातात ती पेन्सिल आली तेव्हा पहिल्यांदा मला कुणीतरी काही विचारल्यासारखं वाटलं. मी छोट्या कागदावर 'हो'चं वर्तुळ रंगवलं. दोघींच्या गोष्टी ऐकल्यावर मला एवढं नक्की कळलं होतं की एक दिवस थांबायला हवं. कशासाठी थांबायचं, त्याबद्दल बोलायला पुढची वर्षं होती.

बाहेर बाकावर तांते दम खात बसली होती. नानी आली तशी ती म्हणाली, "सांगू नकोस. तुझं मत तुझं."

"हो म्हटलं," नानी म्हणाली.

तांतेचा चेहरा उजळला. "पटलं तुला!"

"नवस होता."

"काय होता?"

नानीने माझ्याकडे बघितलं, की सांग हिला. मी नवस म्हणजे काय ते डचमध्ये सांगायचा प्रयत्न केला. देवाला शब्द द्यायचा, की माझं अमुक काम झालं तर मी तमुक करीन. नानीने हनुमानाला सांगितलं होतं की ही जिवंत घरी आली तर मी तिच्या दिवसाला मत देईन. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांची लिफ्ट खाली जाईपर्यंत नवस बोलून झालासुद्धा होता.

तांते ऐकत राहिली, आणि मग तिचा पारा चढला. "म्हणजे मी मेले असते तर तू घरी बसली असतीस? गुलामगिरी संपल्याचा दिवस, आणि तू तो माझ्या तापावर टाकलास? मला देवाच्या धाकानं दिलेलं मत नको!"

"आता दिलं ते दिलं," नानी म्हणाली. "पेटीत गेलं. जा, काढून आण."

मतदान केंद्रातून बाहेर पडणारे लोक आमच्याकडे वळून बघत होते. दोन म्हाताऱ्या तावातावाने भांडत होत्या, आणि मी शेजारी उभी राहून हसत होते. एवढ्या मोठ्याने भांडायला माणसाच्या छातीत श्वास असावा लागतो, आणि तांतेच्या छातीत तो होता.

परतीच्या वाटेवर नानी जरा मागे राहिली आणि मला म्हणाली, "पटलंही होतं, बेटी. पण ते तिला आज सांगायचं नाही. आज नवसाचं सांगितलं, उद्या हे सांगीन."

गावाने 'हो' म्हटलं. फार मोठ्या फरकाने नाही, पण म्हटलं. मोजणी झाली आणि खेमेंतेच्या वेबसाइटवर निकाल आला तेव्हा मी तो दोघींना वाचून दाखवला. तांतेने दोन्ही हात चेहऱ्यावर ठेवले. नानीने तिच्या पाठीवर हात ठेवला. देशात त्यामुळे सुट्टी झाली नाही. गावाची मागणी हेगला गेली, तिथे तशा बऱ्याच मागण्या आधीच पोचल्या होत्या. ते आम्हाला माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी मला वाटत होतं की आमच्या गॅलरीवरचं काहीतरी जड सामान कुणीतरी उचलून नेलं आहे.

मी पुण्याला फोन लावला. बाबांनीच उचलला. मी सगळं सांगितलं, वेगवेगळ्या दिवसांबद्दल, बोटींबद्दल, नवसाबद्दल. बाबा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पण त्या तुझ्या नानीचा पाच जून? त्याचं मतदान कधी?"

मी दार उघडून पलीकडे ओरडून विचारलं. नानीच्या आधी तांतेचाच आवाज आला, तिच्या घरातून, खोकत, पण खणखणीत. "खेमेंतेत जाऊन विचारते मी! सोमवारी!"